डबलसीट फिरायचंय ना? मग तूही शोरूमला जा

अगं, दसऱ्याला गाडी घ्यायचं पक्कं झालं हे ऐकून खूप बरं वाटलं. पण मॉडेल नवऱ्याने ठरवलं, रंगही त्यानेच ठरवला आणि तू फक्त पूजेला हार-नारळ घेऊन जाणार, हे मला पटलं नाही. ही गाडी तुम्हाला हडपसरहून मगरपट्ट्याच्या ऑफिसात जायला नकोय. कोकणात, महाबळेश्वरला, जमलं तर हंपीपर्यंत दोघांनी जायला हवीय. निम्मा प्रवास तुझा आहे, मग निम्मी निवडही तुझीच.

चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं आणि समोरचा खड्डा त्याला आधी दिसतो. तुला तो कळतो थेट कमरेला. त्यातून मागची सीट बहुतेक गाड्यांत मागच्या चाकाच्या जवळजवळ वरच येते, म्हणून दणकाही तुलाच जास्त. पुढे बसणाऱ्याला मस्त वाटली म्हणजे मागेही मस्तच असेल, असं धरून चालू नकोस.

सीट बघताना नुसत्या मऊपणाला भुलू नकोस. फार मऊ फोम तासाभरात दबतो आणि मग खालचा कडकपणा टोचायला लागतो. सीट रुंद हवी, सपाट हवी आणि ब्रेक लागला की तुला पुढे घसरवणारी नको. मग फुटरेस्टवर पाय ठेवून दहा मिनिटं बसून राहा. गुडघे फार दुमडत असतील तर घाटात पोटऱ्या भरून येणारच. सायलेन्सर पावलाच्या किती जवळ आहे तेही बघ.

मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. गाडी देखणी दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकायचं कुणी सुचवलं, तर सरळ नाही म्हण. ओढणी चाकात जायला क्षणही लागत नाही.

आता मॉडेलांचं. आरामात, सत्तर-ऐंशीच्या वेगाने जायचं असेल तर क्रूझर आधी बघा. रॉयल एनफील्डची मिटिऑर ३५० ही २०२० साली आलेली गाडी, सीटची उंची ७६५ मिलिमीटर, वजन १९१ किलो. तिच्या सुपरनोव्हा प्रकाराला मागे टेकायला पाठ आणि पुढे वाऱ्याची काच मिळते. बजाजची ॲव्हेंजर क्रूझ २२० आणखी ठेंगणी, सीट ७३७ मिलिमीटरवर आणि वजन १६३ किलोच. तिलाही पाठ आणि काच आहे. होंडाची हायनेस सीबी ३५० सरळ बसायची गाडी आहे, सीट ८०० मिलिमीटर. रॉयल एनफील्डच्याच हिमालयन ४५० ला ताकद भरपूर आणि खराब रस्त्याला ती दबत नाही, पण तिची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. सामान लावल्यावर तुला पाय टाकून चढता-उतरता येतं का, ते आधी करून बघ. पुढेमागे तूही ती चालवणार असशील, आणि चालवावीसच, तर उंची नि वजन तुझ्याही मापाचं हवं.

शोरूमवाले एक चक्कर मारून देतात, तेवढ्यावर सही करू नका. त्याच मॉडेलची गाडी दिवसभर भाड्याने घ्या. आपण हडपसरला राहतो हे इथे कामाला येतं. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी हडपसरलाच वेगळ्या वाटांनी निघतात, आणि गाडी पारखायला तुम्हाला त्याच दोन वाटा हव्यात. एकदा सोलापूर रोडने भिगवणच्या दिशेने जा. सरळ रस्त्यावर वारा किती लागतो, ऐंशीला फुटरेस्ट थरथरतात का, ते कळेल. एकदा सासवड रोडने दिवे घाट चढून जेजुरी गाठा. वळणावर तुला कितपत सुरक्षित वाटतं आणि उतारावर ब्रेक मारला की तू त्याच्या पाठीवर आदळतेस का, ते कळेल. दोन्ही वेळा थोडा वेळ तू चालव आणि त्याला मागे बसव. मागची सीट काय असते, हे मग तुला सांगावं लागणार नाही.

गाडी आली की आणखी एक काम. मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग बहुतेक गाड्यांत कमी-जास्त कडक करता येते. एकट्यासाठी लावलेली स्प्रिंग दोघं आणि सामान बसल्यावर पार दबते, मग प्रत्येक खड्ड्याला ठोका बसतो. निघण्याआधी ती दोन घरं कडक करून घ्या. मागच्या टायरची हवाही डबलसीटसाठी वेगळी असते, आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. पाठीवर सॅक घेऊन बसू नकोस, खांदे जातात. सामान दोन्ही बाजूंच्या बॅगांत खाली राहू दे, जड वस्तू सर्वांत तळाला. ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, तेव्हा पुढच्या गाडीपासून लांबच राहायला सांग.

आणि हेल्मेट तुझंही तितकंच चांगलं हवं, मापाचं, आयएसआय शिक्क्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे ते मागच्यालाही सक्तीचं आहे. त्याला दहा हजारांचं आणि तुला त्यावर फुकट मिळालेलं, असं होऊ देऊ नकोस.

आता खरं मनातलं सांगते. आपण बायका मागे बसून फार गप्प राहतो. कंबर दुखते, पाळीचे दिवस असतात, बाथरूमला जायचं असतं, वेगाची भीती वाटते, पण त्याचा मूड जाईल म्हणून बोलत नाही. मग हळूहळू ‘तूच जाऊन ये मित्रांबरोबर’ सुरू होतं आणि दोघांसाठी घेतलेली गाडी एकट्याची होऊन जाते. तू तसं होऊ देऊ नकोस. तासाभराने थांबायचं, हे निघतानाच ठरवा. खांद्यावर दोनदा थाप म्हणजे वेग कमी कर, हेही ठरवा. त्याला राग येणार नाही, उलट तू निवांत आहेस हे कळलं की तोही निवांत चालवेल.

दसऱ्याला अजून वेळ आहे. येत्या रविवारी दोघं जेजुरीला जाऊन या, आणि परत आल्यावर तुझी कंबर ज्या गाडीला हो म्हणेल, तिचंच बुकिंग करा.