कर्सर रुसत नाही गं

चिमे,

काल रात्री अकराला तुझा फोन आला, तेव्हा आवाज अगदी रडवेला होता. "ताई, ब्रशचा गोलच गेलाय. परवा अल्बम प्रेसला जायचाय. मला हे जमणारच नाही." कॅप्स लॉक काढ म्हटलं, काढलास, आणि गोल परत आला. तू सुटलीस, पण तुझं ते शेवटचं वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून आज सावकाश लिहितेय.

झालं काय होतं, ते आधी समजून घे. कव्हरवर नवरानवरीची नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये टाकलीस आणि कॅप्स लॉक चालूच राहिला. तो चालू असला की फोटोशॉपमध्ये ब्रशच्या गोलाऐवजी बारीक फुली दिसते. बिघाड नाही तो. ब्रशचा नेमका मध्य दिसावा म्हणून दिलेली सोय आहे. ब्रश मात्र होता तेवढाच रुंद राहतो, फक्त ती रुंदी आपल्याला दिसत नाही. म्हणून तर गालावरचा डाग घालवताना नवरीची नथ पुसट झाली. तुझा हात चुकला नव्हता, बाळा.

कॅप्स लॉक बंद असूनही गोल दिसत नसेल, तर ब्रशचा आकार बघ. फार लहान झाला की तो ठिपक्याएवढा होतो, फार मोठा झाला की त्याची कड स्क्रीनच्या बाहेर जाते. चौकटी कंसाच्या दोन बटणांनी लहानमोठा करून पाहा.

कर्सर रुसत नाही, तो काहीतरी सांगत असतो. गोलावर तिरकी रेघ दिसली, तर इथे काम होणार नाही असं तो म्हणतोय. तिथेच एकदा क्लिक कर. जी चौकट येईल तिच्यात कारण लिहिलेलं असतं: लेयर लॉक आहे, किंवा डोळा बंद करून लपवलेला आहे. आपण घाईत न वाचताच ओके दाबतो आणि तासभर शोधत बसतो.

खरा छळ होतो तो कर्सर नीट दिसतो पण काहीच उमटत नाही तेव्हा. अशा वेळी माऊस सोड आणि या क्रमाने बघ. आधी कंट्रोल डी दाब. कुठल्यातरी कोपऱ्यात केलेलं सिलेक्शन तसंच राहिलेलं असतं. कंट्रोल एच दाबलं गेलं असेल, तर त्याची मुंग्यांसारखी सरकणारी रेघही दिसत नाही, पण त्याच्या बाहेर ब्रश चालत नाही. मग लेयर पॅनलकडे बघ. चौकट फोटोभोवती आहे की शेजारच्या मास्कभोवती? मग वरच्या पट्टीत ओपॅसिटी आणि फ्लो बघ. ब्रश हातात असताना चुकून 1 दाबला गेला की ओपॅसिटी 10 टक्क्यांवर येते. 0 दाबलास की पुन्हा 100.

मागे ते गिऱ्हाईक आजीचा जुना फोटो घेऊन आलं होतं, आठवतंय? तू कुंकवासाठी लाल रंग निवडलास आणि कपाळावर राखाडी ठिपका उमटला. फोटो ग्रेस्केलमध्ये स्कॅन झाला होता, त्यात लाल येणार कुठून? इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन आरजीबी केलं की कुंकू लालच उमटतं.

आणखी एक आपल्याकडचं. पत्रिकेचा मराठी मजकूर टाइप केल्यावर कीबोर्ड मराठीतच राहतो, आणि मग बी दाबून ब्रश येत नाही, व्ही दाबून मूव्ह येत नाही. आधी कंट्रोल एंटर दाबून मजकुरातून बाहेर ये, मग कीबोर्ड इंग्रजीवर आण.

एवढं करूनही टूल ऐकत नसेल, तर वरच्या पट्टीत डावीकडे त्या टूलचं चित्र असतं. त्यावर राइट क्लिक करून रीसेट टूल कर. फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट एकत्र धरून सगळ्या सेटिंग्ज पुसण्याचा उपाय अगदी शेवटचा. ऐन लग्नसराईत मी तो पहिलाच करून बसले आणि वर्षभर जमवलेल्या अ‍ॅक्शन्स गेल्या. फार रडले होते गं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये. आपले ब्रश आणि अ‍ॅक्शन्स आजच वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करून ठेव.

आणि एक छोटी वही कर. काय अडलं, कशाने सुटलं, दोन ओळी लिहीत जा. पुढच्या सीझनला तुझ्या शेजारी नवी मुलगी बसेल, तेव्हा तिला तू सांगशील.

आता ती नथ. डाग पुसण्याआधी कंट्रोल जे करून लेयरची कॉपी घ्यायची, हे मी सांगितलेलं तू पाळलं होतंस. म्हणजे खालचा मूळ फोटो शाबूत आहे. वरच्या लेयरला मास्क लाव, ब्रश लहान कर आणि नथीवरून काळा रंग फिरव. खालची नथ मोत्यांसकट वर येईल. आली की मला फोन कर. रात्रीचे अकरा वाजले तरी चालतील.

तुझी,
ताई