धुराचे पैसे देऊ नका: दादर, माहीम, धारावीकरांसाठी कीटकनियंत्रणाचा हिशोब

डास वाढले की सोसायटीत पहिली मागणी होते ती धूरफवारणीची. गेल्या पावसाळ्यात आमच्याही सोसायटीने एका ठेकेदाराला पैसे मोजून गच्चीपासून गेटपर्यंत धूर मारून घेतला. आठवड्याभरात डास पुन्हा हजर. अळ्या सापडल्या त्या तिसऱ्या मजल्यावर, मनीप्लांटच्या बाटलीत. पालिका जे काम मोफत करते, त्यासाठीच आम्ही वर्गणी काढली होती.

पालिकेची सेवा : खर्च शून्य
जी-उत्तर विभागाचे कार्यालय दादर पश्चिमेला, हरिश्चंद्र येवले मार्गावर आहे. तिथल्या कीटकनाशक खात्याकडे किंवा १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जरूर लिहून घ्या. धूरफवारणी, टाक्या-विहिरींची तपासणी, साचलेल्या पाण्यात अळीनाशक, रस्त्याकडेच्या उंदरांचा बंदोबस्त ही या खात्याची कामे. आलेल्या कर्मचाऱ्याचे ओळखपत्र पाहा. चहापाण्याच्या नावाखालीही पैसे देऊ नका.

धुराने फक्त उडते डास मरतात, पाण्यातल्या अळीला काही होत नाही. अंड्यातून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी कोरडी करायची.

दुर्लक्षाची किंमत : २,००० ते १०,००० रुपये
मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३८१-ब नुसार डासांची पैदास आढळली तर इतका दंड होऊ शकतो. गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट बसते का आणि तपासनिसाला वर चढायला शिडी आहे का, हे कमिटीने पावसाआधी पाहावे. हिवतापाचा ॲनोफिलिस डास स्वच्छ पाण्याच्या टाकीतही वाढतो.

खासगी पेस्ट कंट्रोल : कधी आणि कसे
झुरळे, ढेकूण, वाळवी असे घराच्या आतले काम सहसा खासगी कंपनीकडूनच करून घ्यावे लागते. किमान तिघांकडून लेखी दर मागवा आणि त्यात या गोष्टी स्पष्ट करून घ्या :

• कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का.
• कोणते औषध वापरणार, किती फेऱ्या, हमी किती महिन्यांची.
• जीएसटी धरून दर किती. १,५०० रुपयांच्या कामावर १८ टक्क्यांनी २७० रुपये वाढतात आणि बिल १,७७० वर जाते. ज्याच्याकडे जीएसटी नोंदणी नाही, त्याला हा कर लावता येत नाही.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कुणालाही ठेवू देऊ नका. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूने माणसे दगावली आहेत.

रविवारची दहा मिनिटे
टॉर्च घेऊन फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, ताडपत्रीच्या घड्या आणि बंद पडलेला कूलर पाहा. डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही, काथ्याने भांड्याची कड घासावी लागते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरची ती बाटली आता दर रविवारी घासली जाते.