गृहकर्ज, जुनी थकबाकी आणि ऋणकोचे हक्क

गृहकर्जाचा अर्ज येताच बँक अर्जदाराचा पतअहवाल तपासते. पतमाहिती कंपन्यांचे नियमन २००५ च्या अधिनियमाने होते. क्रेडिट कार्डाची विस्मृतीत गेलेली थकबाकी याच टप्प्यावर उघड होते आणि घर हातचे जाईल या भीतीने अर्जदार वसुली एजंटच्या दबावाला बळी पडतो.

तथापि, एजंटच्या वर्तनाची जबाबदारी बँकेवरच असते. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करण्यास मनाई केली.

काही रक्कम माफ करून घेऊन तडजोडीने खाते मिटवल्यास तशी नोंद अहवालात राहते व नवे कर्ज दुरापास्त होते. म्हणून लेखी हिशेब मागणे, शक्य तेथे पूर्ण रक्कम थेट कर्जखात्यात भरणे आणि ‘थकबाकी नाही’ असा दाखला घेणे हितावह ठरते. नोंदच चुकीची असल्यास तक्रार करता येते. ३० दिवसांत निवारण न झाल्यास २०२३ च्या निर्देशांनुसार प्रतिदिन १०० रुपये भरपाई देय असते.

तारण गृहकर्ज थकल्यास मात्र ‘सरफेसी’ अधिनियम, २००२ लागू होतो. त्यान्वये ६० दिवसांच्या नोटिशीनंतर बँक न्यायालयीन दाव्याविना घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते.