डाख की मोड?

प्रस्तावना

घरातील एखादी वस्तू नादुरुस्त झाली की एक प्रश्न हमखास उभा राहतो : ती दुरुस्त करावी, की तिच्या जागी नवी आणावी? काटकसर एक सांगते, हौस दुसरे सांगते. योग्य निर्णयासाठी मात्र वस्तूचा स्वभाव ओळखावा लागतो. तडा गेलेल्या एका मत्स्यालयाच्या निमित्ताने प्रस्तुत पाठात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
- धातू आणि काच यांच्या दुरुस्तीतील फरक सांगू शकाल;
- निर्णय घेण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हे स्पष्ट करू शकाल;
- ‘डाख देणे’ व ‘मोडीत काढणे’ या शब्दप्रयोगांचा अर्थ सांगू शकाल.

मूळ पाठ

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे तामिळनाडूतील देवळांचे गाव. पितळेच्या भांड्यांसाठीही ते प्रसिद्ध आहे. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरला भोसले घराण्याची गादी होती. त्या काळात दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या परिसरात राहतात आणि घरात आपल्या वळणाची मराठी बोलतात. अशाच एका घरातील हा प्रसंग कल्पावा.

पुढच्या खोलीत काचेचे मत्स्यालय आहे. एका सकाळी सूनबाईंना त्याखालच्या लादीवर ओल दिसते. नीट पाहिल्यावर समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून वर चढलेली, केसासारखी बारीक रेघ नजरेस पडते. आजोबांनी आयुष्यभर भांड्यांचे दुकान चालवलेले. ते म्हणतात, “भांडं गळलं तर डाख द्यावा. डाख धरेनासा झाला, की मगच मोडीत घालावं.” नातू म्हणतो, “आजोबा, त्यापेक्षा नवीच पेटी आणू या ना!” सूनबाईंचे लक्ष मात्र आतल्या माशांकडे असते.

आजोबांचा नियम चुकीचा नाही. पितळ हा लवचीक धातू आहे. त्याला पोचा आला तर ठोकून काढता येतो, छिद्र पडले तर डाख देऊन बुजवता येते. भांडे अगदीच निकामी झाले, तरी त्याची मोड वजनावर विकली जाते आणि वितळून तिचे नवे भांडे होते. म्हणजे धातूची वस्तू मोडली, तरी तिचे मोल पूर्णपणे बुडत नाही. ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग याच व्यवहारातून रूढ झाला आहे.

काचेचा स्वभाव वेगळा आहे. ती कठीण असते. पण ठिसूळही असते. ताण आला तर धातू किंचित वाकून तो सोसतो. काचेला वाकणे माहीत नाही. तिच्यात तडा गेला, की सगळा ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो आणि तडा पुढे सरकू पाहतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे गणित मांडले. तडा जितका लांब, तितका तो वाढण्यास कमी ताण पुरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून काचेतील तडा आज लहान आहे, एवढ्यावरून तो उद्याही लहानच राहील, असे मानता येत नाही.

आता या काचेवर किती भार असतो, ते पाहावे. पेटीची लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर आणि पाण्याची उंची ४० सेंटिमीटर धरली, तर आत १०८ लिटर पाणी मावते. त्याचे वजन १०८ किलोग्रॅम होते. पाण्याचा दाब वरच्या पृष्ठभागाशी शून्य, तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्रॅम असतो. सरासरी २० ग्रॅम. समोरच्या काचेचा पाण्याला लागलेला भाग ३,६०० चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे ही एकटी काच सुमारे ७२ किलोग्रॅम वजनाइतका रेटा रात्रंदिवस थोपवून धरते. पाण्याची उंची निम्मी केली, तर हा रेटा चौथ्या हिश्शावर येतो. म्हणूनच तडा दिसताच पहिले काम म्हणजे विजेची उपकरणे बंद करणे आणि पाणी उतरवणे. दुरुस्तीची चर्चा त्यानंतर करावी.

यानंतर पहिला प्रश्न येतो : बिघाड नेमका कोठे आहे? पाणी काचेतून गळत नसून दोन काचांच्या सांध्यातून गळत असेल, तर ते डाख देण्यासारखेच काम आहे. सांध्यातील जुने सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडून, जागा स्वच्छ व कोरडी करून, आतून नवे सिलिकॉन भरावे लागते. जुन्या थरावर नवा थर नीट चिकटत नाही. बाहेरून लावलेला लेप पाण्याच्या रेट्याने सुटण्याची शक्यता असते. स्नानगृहासाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमधील द्रव्य माशांना घातक ठरू शकते. म्हणून मत्स्यालयासाठी योग्य असलेलेच सिलिकॉन निवडावे.

तडा प्रत्यक्ष काचेत असेल, तर सिलिकॉनची रेघ ओढून भागत नाही. त्याने गळती थांबेल, पण काचेची गेलेली ताकद परत येणार नाही. आतून दुसरी काच चिकटवणे हा तात्पुरता इलाज आहे. अशा वेळी ‘डाख की मोड’ या दोन टोकांच्या मधला एक मार्ग उरतो. कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविल येथील पितळी समया तो दाखवतात. त्या समईची बैठक, दांडा, तेलाचे ताट आणि माथ्यावरचे शिखर हे भाग वेगवेगळे ओतून मळसूत्राने जोडतात. एक भाग बिघडला, तर तेवढाच बदलता येतो. मत्स्यालयाच्या भिंतीही सिलिकॉनने जोडलेल्या असतात. तडकलेली भिंत जाणकार कारागिराकडून बदलून घेता येते. मात्र तळाची काच तडकली असेल, एकाहून अधिक काचांना तडे असतील किंवा सगळेच सांधे जीर्ण झाले असतील, तर नवी पेटी घेणेच शहाणपणाचे.

नवी पेटी आणणे हेही वाटते तितके सोपे नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. गाळणीत वाढलेले सूक्ष्म जीवाणू त्याचे रूपांतर कमी घातक द्रव्यांत करतात. गाळणी वाळली किंवा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतली, तर हे जीवाणू मरतात आणि नव्या, स्वच्छ पेटीतही मासे दगावतात. म्हणून पेटी बदलली, तरी जुनी गाळणी जुन्याच पाण्यात ओली ठेवून पुन्हा वापरावी. वस्तू बदलताना तिच्यातील सगळेच टाकून द्यायचे नसते.

दुरुस्तीनंतर परीक्षाही हवी. बर्लिन शहरातील एका हॉटेलमध्ये अ‍ॅक्रिलिकचे प्रचंड दंडगोलाकार मत्स्यालय होते. त्यात सुमारे १० लाख लिटर पाणी आणि सुमारे दीड हजार मासे होते. नूतनीकरण करून ते २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या पहाटे फुटले. दोन माणसे जखमी झाली. बहुतेक मासे मेले. तज्ज्ञांच्या तपासातूनही एकच एक निश्चित कारण पुढे आले नाही. सांध्यातील दोष, तळाशी पडलेली खाच आणि नूतनीकरणाच्या काळात रिकाम्या टाकीचे कोरडे पडणे, अशा तीन शक्यता मांडल्या गेल्या.

कुंभकोणमच्या घरात अखेर समोरची काच बदलून घ्यायचे ठरते. सिलिकॉन पूर्ण सुकल्यावर पेटी अंगणात सपाट जागेवर ठेवून काठोकाठ भरतात. खाली अंथरलेला कागद दोन दिवस कोरडा राहतो. तोवर मासे जुन्या पाण्याच्या टबात, ओल्या गाळणीच्या सोबतीने असतात. आजोबा रोज सकाळी कागदावरून हात फिरवून पाहतात. भांड्याला डाख दिल्यावर त्यात पाणी भरून ठेवायची आणि गिऱ्हाईकाच्या हाती देण्याआधी बूड चाचपायची सवय त्यांच्या हाताला आहे. तिसऱ्या दिवशी मासे पुन्हा आपल्या घरी जातात.

शब्दार्थ

डाख – धातूचे सांधे जोडण्यासाठी वापरलेला वितळलेला धातू
मोड – निकामी झालेल्या धातूच्या वस्तू
पोचा – ठोकर लागून पडलेला खळगा
मळसूत्र – आटे पाडलेला जोड, स्क्रू
जीर्ण – जुने होऊन झिजलेले

पाठगत प्रश्न

१. तडा दिसताच प्रथम कोणत्या दोन गोष्टी कराव्यात?
२. नाचियारकोविलच्या समईचे उदाहरण पाठात कशासाठी दिले आहे?
३. जुनी गाळणी ओली का ठेवावी?

स्वाध्याय

तुमच्या घरातील एखादी वस्तू दुरुस्त करावी की बदलावी, असा प्रश्न कधी पडला होता का? तेव्हा घेतलेला निर्णय व त्यामागची कारणे आठ ते दहा ओळींत लिहा.