जिवंत उंदीर घालू नकोस

चि. ओंकार यास,


तुझ्या बॉल पायथनचा फोटो वहिनीने पाठवला. तिची समजूत मी घालीन. ओहायोत असा पाळीव पायथन ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. साताऱ्याला आलास की मात्र धामण पाळायचं मनात आणू नकोस, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मनाई आहे. पण फोटोत काचेच्या पेटीत जिवंत उंदीर दिसला, म्हणून हे पत्र.

रानात साप जिवंतच भक्ष्य धरतो, हे खरं. पण तिथे नको असेल तर त्याला निघून जाता येतं. पेटीत दोघेही कोंडलेले असतात. बॉल पायथन घाबरला की वेटोळं करून डोकं आत दडवतो आणि उंदराला त्याची पाठ आयती मिळते. पाठीचं मांस कुरतडून आतलं हाड दिसतंय, असे पायथन मी दवाखान्यात टेबलावर घेतले आहेत. साप ओरडत नाही. रात्री काय चाललंय हे शेजारच्या खोलीतही कळत नाही.

गोठवलेले उंदीर विकत मिळतात, तेच आण. उंदीर सापाच्या सर्वात जाड भागाएवढाच असावा. आदल्या रात्री तो बंद पिशवीत घालून फ्रीझरमधून फ्रीजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी पिशवीसकट गरम पाण्यात बुडव. मायक्रोवेव्ह नको, उंदीर आतून शिजतो, कधी फुटतो. पोट दाबून बघ. आत गार, कडक लागलं तर अजून थांब. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला भक्ष्याची ऊब कळते. म्हणून उंदराचं डोकं ३८-४० अंश सेल्सिअसपर्यंत गरम हवं. तो लांब चिमट्याने कमरेशी धरून पुढे कर, बोटांनी नाही. उंदराचा वास असलेला हातही सापाला भक्ष्यच वाटतो. नंतर हात साबणाने धू. उंदरांवर आणि सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, त्यामुळे हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नकोस.

खाल्ल्यावर त्याला दोन दिवस हात लावायचा नाही. पेटीची एक बाजू ३१-३३ अंश आणि दुसरी २५-२७ अंश असावी, नाहीतर अन्न पचत नाही. उलटी झाली तर लगेच पुन्हा भरवू नकोस. दहा-बारा दिवस जाऊ दे, मग लहान उंदीर दे. थंडीत बॉल पायथन काही महिनेही उपाशी राहतो. घाबरून जबरदस्ती करू नकोस, त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन करत राहा. दहावा हिस्सा घटला तर डॉक्टर गाठ.

सापाला किरकोळ ओरखडा असेल तर कोमट पाण्याने धू आणि पोव्हिडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून लाव. हळद नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, बधिर करणारं मलम तर मुळीच नको. पेटीतला भुसा काढून साधे पेपर टॉवेल अंथर आणि ते रोज बदल. जखम हळूहळू भरते, कधी दोन-तीन वेळा कात टाकून झाल्यावर त्वचा सुधारते. कात डोळ्यावर अडकली तर नखाने ओढू नकोस.

पोटाचे खवले लालसर झाले किंवा फोड आले तर तो बहुधा हीटिंग मॅटचा चटका असतो. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावायचीच नाही. असा चटका, खोल चावा, तोंडात लाली किंवा घट्ट पिवळट पू दिसला तर घरगुती उपाय बंद.

तुला चावला तर हात हिसकावू नकोस. त्याचे दात आत वळलेले असतात, ओढल्याने तुझी कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. त्याच्या तोंडाशी गार पाणी सोड, तो सुटेल. विष नसतं. जखम वाहत्या पाण्यात साबणाने धू आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते तपास.

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर साप तपासत नाहीत. ‘असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटर्नेरियन्स’ या संस्थेच्या यादीतून तुझ्या जवळचा डॉक्टर याच आठवड्यात शोधून ठेव आणि त्याचा नंबर पेटीवर चिकटव.

तुझी,
आत्या