मेंदूच्या नव्या पेशी आणि विकतची आशा

कामशेतच्या वस्तीत आम्हाला विचारतात, "ताई, स्टेम सेलच्या इंजेक्शनने लकवा बरा होतो का?" या मूलपेशींपासूनच गर्भात मेंदू घडतो. मोठ्या माणसाच्या मेंदूतही, आठवणी घडवणाऱ्या भागात नव्या पेशी जन्मतात, असे १९९८ साली संशोधकांना दिसले. किती, यावर अजून वाद आहे. लकव्यात मेंदूचा काही भाग मरतो. तो इंजेक्शनने पुन्हा उभा राहतो, हे सिद्ध झालेले नाही. आयसीएमआरच्या २०१७च्या सूचनांनुसार लकव्यावर हा प्रयोग फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले तर उठून या. दागिने मोडू नका. रोजचा व्यायाम आणि डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी मात्र सोडू नका. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, हेच बुद्धांनी कालामांना सांगितले. जय भीम!