नमुना मिळत नसेल तर टाके मोजा

प्रश्न : वरोऱ्यात कडाक्याची थंडी थोडेच दिवस असते, म्हणून मला बिनबाह्यांचा सुती स्वेटर विणायचा आहे. छाती १०० सेंमी. मिळतात ते नमुने लोकरीचे, नाहीतर बाळाच्या मापाचे. काय करू?
– एक भगिनी, वरोरा

उत्तर : ताई, लोकरीचा नमुना सुताला जसाच्या तसा चालत नाही. लोकर ताणली तरी परत आखडते. सूत स्वतःच्या वजनाने लोंबते. म्हणून आधी १५ सेंमीचा चौकोनी तुकडा विणा, धुवा, टांगून वाळवा. मग मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. समजा २० आले, म्हणजे सेंमीला दोन. छाती १०० अधिक ढिलाई ८, एकूण १०८ सेंमी. म्हणजे २१६ टाके. पुढच्या आणि मागच्या भागाला प्रत्येकी १०८, शिवणीसाठी दोन-दोन जास्त. काठ एक सुलट, एक उलट असा बारीक सुयांवर विणा, म्हणजे तो सैल पडणार नाही.

पुढे गोल गळपट्टीचा, बाह्यांचा स्वेटर करावासा वाटला, तर विणकामतज्ज्ञ एलिझाबेथ झिमरमन यांचा हिशेब वापरा : छातीचे टाके १०० टक्के धरले, तर मनगटाला २० आणि गळ्याला ४० टक्के.

सुताचे म्हणाल, तर तुमच्या वरोऱ्याजवळच्या आनंदवनात हातमाग आहेत; पण मागाचे सूत बारीक असते. ते वापरायचे तर चार-सहा पदर एकत्र घ्या.

आणि सगळे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या विणणारीला तोच नमुना होईल.